सुकलालनाना आणि सापडलेला हार

माझ्या लग्नाच्या रिसेप्शनला सुकलालनाना आले, स्टेजवर चढले, नवऱ्याकडे बघितलंही नाही. थेट माझ्यासमोर उभे राहिले, एका बोटाने माझ्या गळ्यातली एकदाणी उचलली, डोळ्याजवळ नेली आणि तिला म्हणाले, "नीट राहा माय. नव्या घरी जास तू." मग पाकीट माझ्या हातात कोंबून जेवायला गेले. माझा नवरा नाशिकचा. त्याने हळूच विचारलं, "हे कोणाशी बोलले?" मी म्हटलं, "एकदाणीशी. ती त्यांनी केली आहे."

सुकलालनाना माणसांची चौकशी करत नाहीत, दागिन्यांची करतात. रस्त्यात कोणी जुनं गिऱ्हाईक भेटलं की पहिला प्रश्न, "पाटल्या कशा शेत?" त्या बाईचा नवरा दवाखान्यात असेल, मुलगा परीक्षेत नापास झाला असेल, ते नंतर. आधी पाटल्या. एकदा ते आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीच्या दारावर गेले होते, ती वारल्याच्या तिसऱ्या दिवशी. सगळे खाली माना घालून बसलेले. नाना पाच मिनिटं गप्प बसले आणि मग मोठ्या सुनेला विचारलं, "वज्रटीक कोणाकडे जाणार?" तीन भावांच्या त्या घरात नेमक्या त्याच प्रश्नावरून आतल्या खोलीत कुजबुज चालली होती. पुढे काय झालं ते मी सांगत नाही. नानांना त्या घरातून तेराव्याचं बोलावणं आलं नाही एवढं खरं.

जळगावच्या सराफ बाजाराच्या पाठीमागे जी अरुंद गल्ली आहे, तिथे त्यांचं आणि माझं दुकान भिंतीला भिंत लागून आहे. माझं चष्म्यांचं. वडिलांनी चालू केलेलं, आता मी चालवते. नानांना माझं नाव गेल्या वीस वर्षांत लक्षात राहिलेलं नाही. ते मला 'चष्म्यावाली माय' म्हणतात, आणि घाईत असले तर नुसतं 'माय'. मूळचे अमळनेरच्या बाजूचे. गिऱ्हाईकाशी शहरी मराठी बोलायचा प्रयत्न करतात, पण आनंद झाला किंवा राग आला की अहिराणीवर येतात.

समोरच्या मोठ्या रस्त्यावर आता काचेची तीन-तीन मजली दुकानं झाली आहेत. तिथे ए.सी. आहे, गिऱ्हाईकाला सरबत मिळतं. नानांच्या दुकानात एक गादी, एक लाकडी पेटी, एक शेगडी आणि भिंतीवर चुकीच्या महिन्यावर थांबलेलं कॅलेंडर. पण त्यांची बिलं बघायला बाहेरगावची माणसं येत. बिलावर वजन आणि कस तर असेच, खाली बारीक अक्षरात एक ओळ असे, 'करणाऱ्याचा दोष.' आणि तिथे नाना स्वतःची चूक लिहीत. 'डाव्या झुमक्याचा तिसरा मोती किंचित खाली बसला आहे.' 'फासा जरा ताठ आहे, वापराने सैल होईल, न झाल्यास आणावा.' मी एकदा म्हटलं, "नाना, गिऱ्हाईकाला दिसत पण नाही, तुम्ही कशाला सांगता?"

"त्याले नही दिखस," नाना म्हणाले, "मग कोणी सांगाले जोयजे?"

मी त्यांचे डोळे तपासते म्हणून दहा वर्षं मागे लागले आहे. जवळचं काम ते भिंगाने करतात आणि लांबचं बघायचं त्यांना काही कारण वाटत नाही. "माणसं जराशी धुरकट दिसतात तीच बरी," असं त्यांचं म्हणणं.

त्यांना स्पष्ट दिसणारं माणूस एकच होतं. वसंतआप्पा.

आप्पा आणि नाना अमळनेरच्या शाळेत एका बाकावर होते. आप्पा पुढे पाटबंधारे खात्यात चिकटले, बडे बाबू होऊन निवृत्त झाले आणि जळगावातच घर बांधून राहिले. रोज सकाळी अकराला त्यांची स्कूटर गल्लीच्या तोंडाशी थांबायची, कारण आत वळवायला जागा नाही. काखेत पेपर. गादीच्या कडेला बसून ते नानांना पेपर वाचून दाखवायचे. नाना मान खाली घालून काम करत आणि मध्येच, "खोटं!" म्हणत. आप्पा म्हणत, "अरे, मंत्र्याचं भाषण आहे." नाना म्हणत, "म्हणूनच." भाव आणि निधनवार्ता एवढंच नाना लक्ष देऊन ऐकत. निधनवार्तेत ओळखीचं नाव निघालं की कोणता दागिना कुठे असेल त्याचा विचार करत काही वेळ हातोडी थांबायची.

नानांची बायको जाऊन आठ वर्षं झाली. मुलगा सुरतला. रविवारी फोन करतो आणि 'जेवले का' विचारतो. तर नानांच्या दिवसात माणसाचा आवाज म्हणायचा तो अकरा ते एक, आप्पांचा. बाकी गिऱ्हाईक. तेही कमी झालेलं.

आप्पांच्या बायकोचा, शकुअक्कांचा चपलाहार नानांनी केलेला. आप्पांनी पगारातून थोडं थोडं सोनं जमवून दिलं आणि नानांनी तो चार महिने लावून घडवला. चपट्या गोल टिकल्यांच्या रांगा एकाखाली एक, मध्ये बारीक साखळी. अक्का तो फक्त लग्नाकार्यात घालायच्या आणि ज्या लग्नाला अक्का असतील त्या लग्नाला नाना आमंत्रण नसलं तरी हजर. हाराला बघून जेवून यायचे.

मागच्या उन्हाळ्यात आप्पा आणि अक्का धुळ्याला मेहुणीकडे लग्नाला गेले होते. साधं घरगुती लग्न, म्हणून अक्कांनी हार घरीच ठेवला. परत आले तर कडी तोडलेली. टीव्ही, मिक्सर, चांदीच्या समया, देवापुढच्या डब्यातले पैसे, इस्त्रीसुद्धा गेलेली. कपाट उघडं, साड्या जमिनीवर, हाराची डबी रिकामी. आप्पांनी पोलिसांना यादी सांगितली, तिच्यात सगळ्यात वर चपलाहार.

बातमी कळली तेव्हा नाना पेटी उघडून बसले होते. त्यांनी ती बंद केली. शटर अर्धं ओढलं आणि आत अंधारात बसून राहिले. मी डबा घेऊन गेले तर म्हणाले, "आज नको माय." दुसऱ्या दिवशीही नको. तिसऱ्या दिवशी टोपी घालून बाहेर पडले आणि बाजारातल्या एकेका गलाईवाल्याच्या दारात उभे राहिले. गलाईवाले म्हणजे जुनं सोनं आटवून देणारे. चोरीचा माल शेवटी त्यांच्या भट्टीत जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यांनाही. नानांनी प्रत्येकाला हात जोडून सांगितलं, "चपलाहार आला तर आटवू नका. मला फोन करा. उजवीकडची सहावी टिकली जराशी पातळ आहे. माझीच चूक. तिच्यावरून ओळखाल."

दीड महिना ते रोज ही फेरी मारत होते. आप्पा रोज अकराला येत, पण पेपर वाचताना त्यांचा आवाज उतरलेला असायचा. मला वाटायचं, घरात चोरी झाली, माणूस खचणारच.

मध्येच विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. आप्पांच्या पुण्याच्या मुलाने घराचा विमा ऑनलाइन काढून ठेवला होता आणि त्यात दागिने धरलेले होते. सर्व्हेअर तरुण, घामाघूम, हातात फाइल. त्याला एवढंच बघायचं होतं की बिल खरं आहे का. नानांनी त्याला एक तास बसवून घेतलं. कुठलं सोनं, साखळी कितीदा तुटली, सहावी टिकली पातळ का झाली, सगळं. सांगता सांगता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सर्व्हेअरने पेन खाली ठेवलं. जाताना माझ्या दुकानात पाणी प्यायला थांबला आणि म्हणाला, "मॅडम, मी रोज खोटी बिलं बघतो. असं बिल पहिल्यांदाच बघितलं. स्वतःची चूक लिहिलेलं." पुढच्या महिन्यात शेवटच्या कागदावर सही घ्यायला येतो, म्हणाला.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमारास, गल्ली पेंगत होती तेव्हा आप्पा आणि शकुअक्का आले. आप्पा दुपारी कधी येत नसत. मी काउंटरवर एका चष्म्याची काडी बसवत होते. एवढ्यात शेजारून आवाज आला आणि नाना अनवाणी माझ्या दुकानात घुसले.

"माय! सापडनी! मन्ही पोर सापडनी!"

त्यांनी माझं मनगट धरलं आणि ओढतच आपल्या दुकानात नेलं. गादीवर एक जुनी कापडी पिशवी उघडी आणि तिच्यावर चपलाहार. नानांनी भिंग डोळ्याला लावलं, सहाव्या टिकलीवर बोट ठेवलं आणि हसले. मी त्यांना इतकं मोठ्याने हसताना कधी ऐकलं नव्हतं. "ए मोहन!" त्यांनी समोरच्या कापडवाल्याला हाक मारली. "चहा सांग बठ्ठासले!" मग खिशातून फोन काढला. "थांबा, गलाईवाल्यासले सांगू दे आधी, बिचारे शोधतात..."

आप्पांनी उठून त्यांचा हात धरला. "नाना, हळू. फोन करू नको."

"का?"

"बस खाली."

अक्का पदराशी चाळा करत होत्या. शेवटी त्याच बोलल्या. हार कधी गेलाच नव्हता. धुळ्याला निघताना त्यांना उगीच भीती वाटली, म्हणून त्यांनी तो डबीतून काढून उडदाच्या डाळीच्या डब्यात खुपसला होता. आप्पांना सांगायचं राहिलं. चोरी झाल्यावर त्यांना घेरी आली, शेजारणीने झोपवलं, आणि आप्पांनी रिकामी डबी बघून पोलिसांना यादी दिली. संध्याकाळी अक्कांनी डब्यात हात घातला तर हार तिथेच.

"मग तेव्हाच सांगायचं ना!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"पंचनामा झाला होता," आप्पा म्हणाले. "सही झाली होती. मुलगा म्हणाला, बाबा, आता बदललं तर बाकीच्या वस्तूंवरही शंका घेतील. म्हटलं राहू दे." ते नानांकडे वळले. "घरात ठेवता येत नाही, घालता येत नाही. दारावर बेल वाजली की ही डबा हलवते. तू आटव. चार बांगड्या करून दे. दुसऱ्या कोणाकडे नेता येत नाही रे मला."

नानांनी भिंग काढून पेटीवर ठेवलं.

"माझं बिल लावलंय तू त्या कागदाला," ते म्हणाले.

"बिल खरंच आहे. तुला खोटं बोलायला मी कुठे सांगतोय? हार तू केला, हे खरं. तेवढ्यावर सही कर."

"आणि मी दीड महिना गलाईवाल्यांच्या दारात हात जोडत फिरलो ते?"

"सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

"रोज अकराले येस तू. पेपर वाचस. एक दिवस नही सांगता उनं?"

आप्पा चिडले. माणूस चुकलेला असला की लवकर चिडतो. "तुला सांगितलं असतं तर तू त्या सर्व्हेअरसमोर ततपप केलं असतंस! तू रडलास म्हणून तर त्याला पटलं!"

हे बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. अक्कांनी "अहो" म्हटलं, पण उशीर झाला होता. समोरून मोहन कापडवाल्याने पाठवलेला चहा आला. चार कप. कोणीच उचलले नाहीत.

नानांनी हार परत पिशवीत ठेवला. घड्या नीट घातल्या, नाडी बांधली आणि पिशवी अक्कांच्या हातात दिली. "मी नाही आटवणार," ते म्हणाले. "आणि मी कोणाला सांगणारही नाही. गुरुवारी तो साहेब येणार आहे सही घ्यायला. वसंता, तू पण ये."

ते दोन-तीन दिवस नाना वारंवार माझ्या दुकानात येऊन बसत होते. त्यांना बोलायचं असे आणि बोलता येत नसे. आप्पा सकाळी येतच नव्हते. बुधवारी नानांनी विचारलं, "माय, माझ्या जागी तू काय केलं असतंस?"

मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, "सही करून मोकळी झाले असते नाना." आणि मग माझं मलाच राहवलं नाही. सांगितलं की मी उन्हाच्या गॉगलची बिलं नंबरचा चष्मा म्हणून देते. गिऱ्हाईक म्हणतं, ऑफिसातून पैसे मिळतात, लिहा ना मॅडम. मी लिहिते. नाही लिहिलं तर ते पुढच्या दुकानात जाईल. मोहन कापडवाला पावसाचं पाणी शिरलं तेव्हा विम्यासाठी न भिजलेले तागे पण भिजवून बसला होता. सगळी गल्ली अशीच आहे.

नानांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. रागाने नाही. जणू माझ्यात काही पातळ झालंय का ते बघत होते. मग म्हणाले, "सही नाही केली तर तो तुरुंगात जाईल का गं?"

"नाही हो. आता सापडला म्हणून लिहून दिलं तर काही नाही होत."

"पण त्यानेच लिहायला हवं. मी नाही." आणि थोड्या वेळाने, "तो येणारच नाही मग माझ्याकडे."

मी काउंटरवरच्या काचा पुसायला घेतल्या. कारण मलाही तसंच वाटत होतं.

गुरुवारी आप्पा आले. पेपर न आणता आले. सर्व्हेअर आला, घाम पुसत बसला आणि त्याने दोन कागद पुढे केले. मी माझ्या दुकानाच्या दारात उभी होते, नानांनीच उभी राहा म्हटलं होतं. नानांनी पहिला कागद वाचला. हाराचं वर्णन आणि बिल. त्यावर त्यांनी आपली वळणदार सही केली. दुसरा कागद वाचला. त्यात असं होतं की सदर दागिना चोरीस गेल्याचं मला माहीत आहे आणि तो माझ्याकडे दुरुस्तीस अथवा मोडीस आलेला नाही.

नानांनी तो कागद सर्व्हेअरला परत दिला.

"ह्यावर नाही."

"का नाना? फॉर्मॅलिटी आहे."

"हार माझा. चोरी माझी नाही. चोरीचं यांना विचारा."

सर्व्हेअरने आप्पांकडे बघितलं. नाना आप्पांकडे बघत नव्हते. पेटीच्या कडेवरची धूळ बोटाने पुसत होते. मला वाटलं आप्पा आता 'चोरीला गेला' म्हणतील आणि सगळं मिटेल. कदाचित मला तसंच हवं होतं.

"सापडला," आप्पा म्हणाले. "डाळीच्या डब्यात होता."

सर्व्हेअरने पेनाला टोपण लावलं. ही गोष्ट त्याने शंभरदा ऐकली असणार. "केव्हा सापडला?" त्याने सरळ विचारलं.

आप्पांच्या आधी नानाच बोलले, घाईघाईने, "सापडला ना भाऊ! आता सापडला ते लिहा. बायका कुठे काय ठेवतात कोणी सांगावं? म्हातारी माणसं आहेत. यादीतून हार काढा, बाकीचं द्या त्यांना."

सर्व्हेअरने एकदा नानांकडे, एकदा आप्पांकडे पाहिलं. मग म्हणाला, "अर्ज द्या काका. हार वगळून टाकतो." चांगला मुलगा होता. त्याने पुढे काही विचारलं नाही.

तो गेल्यावर आप्पा उठले. चपला घातल्या. नाना म्हणाले, "चहा?" आप्पांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं आणि दाखवलं नाही. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर चालू झाल्याचा आवाज आला.

त्यानंतर ती स्कूटर आली नाही.

आप्पांना टीव्हीचे, मिक्सरचे, समयांचे पैसे मिळाले. कोणावर काही बालंट आलं नाही. पण ही गोष्ट गल्लीत पसरायला दोन दिवस लागले आणि पसरताना ती उलटी झाली. म्हाताऱ्याने दोस्ताला साहेबापुढे उघडं पाडलं, असं लोक म्हणायला लागले. दोन-तीन जुनी घरं, जी नानांकडे मोडायला जुनं सोनं आणत, ती रस्त्यापलीकडे जायला लागली. त्यांच्याही पोटात काहीतरी लपलेलं असणार. नानांनी पेपर स्वतः घ्यायला सुरुवात केली. भिंग लावून वाचायचे. पण 'खोटं' कोणाला म्हणणार? एक दिवस भिंतीआडून मी तो शब्द ऐकला, अगदी हळू, आणि पुढे काहीच नाही.

दिवाळीनंतर मला शकुअक्कांचा फोन आला. आप्पांना दिसायचं कमी झालं होतं, पण माझ्या दुकानात यायला ते तयार नव्हते. कारण मी विचारलं नाही. घरी जाऊन तपासलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. मेहुणी धुळ्याला आहे, तिकडेच ऑपरेशन करायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी नाना दारात. "वसंताकडे गेली होतीस."

"हो."

"त्याले दिखस का नीट?"

मी सांगितलं. ऑपरेशन कधी, तेही त्यांनी विचारलं, मी तारीख सांगितली. "हं," म्हणून गेले.

मुलाला पुण्याहून येता येत नव्हतं, अक्का एकट्या घाबरत होत्या, आणि मला धुळ्यात एका ठोक व्यापाऱ्याकडून काचा आणायच्या होत्याच. म्हणून मी बरोबर गेले. ऑपरेशन सकाळीच झालं, अर्ध्या तासात. मी औषधं आणायला रस्ता ओलांडला तर चहाच्या टपरीवरच्या बाकावर सुकलालनाना. मांडीवर कापडी पिशवी. आमच्या आधीच्या गाडीने आले असणार.

"नाना! तुम्ही इथे?"

"कसोटीचा दगड घ्यायला आलो होतो. इकडे चांगला मिळतो." त्या दिवशी धुळ्याचा सराफ बाजार बंद होता. मला रिक्षावाल्याने सकाळीच सांगितलं होतं. मी म्हटलं, "मिळाला का?" ते म्हणाले, "बघू." आणि मग, "रक्त बिक्त आलं नाही ना?"

दुपारच्या एसटीने आम्ही निघालो. आप्पा काळा चष्मा लावून तिसऱ्या रांगेत, खिडकीशी अक्का, मागे मी. नाना अगदी शेवटच्या बाकावर जाऊन बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांनी मान हलवून 'नको' म्हटलं. पारोळा गेलं. रस्त्याचं काम चालू होतं, गाडीत धूळ भरायला लागली. मी मागे वळले तर नाना उभे राहून मला हाताने बोलावत होते. मी गेले.

"खिडकी लाई ले माय. त्याच्या डोळ्यात धूळ जाईल."

मी येऊन खिडकी ओढून घेतली. आप्पा म्हणाले, "कोणी सांगितलं?"

"मीच लावली."

एरंडोलचा थांबा आला, गाडी थांबली, निघाली. मग मान न वळवता आप्पा म्हणाले, "त्याला म्हणावं पुढे ये. मागे फार आदळतं."

मी मागे गेले. शेवटचा बाक रिकामा होता. कंडक्टर म्हणाला, "ते आजोबा एरंडोलला उतरले."

परत येऊन मी आप्पांना तसं सांगितलं. "एरंडोलला त्याचं कोण आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं आणि नानांना सांगितलं की आप्पांनी तुम्हाला पुढे बोलावलं होतं. नानांचा हात थांबला.

"काय म्हने तो? शब्दाला शब्द सांग."

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा काम करायला लागले. आप्पा त्या दिवशी आले नाहीत. अजून आलेले नाहीत. दुपारी नाना माझ्या काउंटरपाशी येऊन उभे राहिले, काड्यांच्या ट्रेकडे बघत.

"ते एसटीतलं," ते म्हणाले, "परत सांग ना माय."

"'त्याला म्हणावं पुढे ये,'" मी म्हटलं. "'मागे फार आदळतं.'"

"असंच म्हणाला?"

"असंच."